बरोब्बर चुकणारी रायफल

अठ्ठ्याहत्तर साली अख्ख्या गावात पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला तो तवनाप्पाला. माणूस जैन, कुणाला मारणार नाही, याची फौजदाराला पक्की खात्री होती. तवनाप्पालाही होती. भरवसा नव्हता तो रायफलीचा.

रायफल स्वस्तातली, दर गोळीला हातानं बोल्ट ओढावा लागे. रानडुकरं भुईमुगात शिरली की तवनाप्पा म्होरक्या डुकरिणीच्या पुढ्यातल्या मातीवर नेम धरायचा. धुरळा उडाला की कळप पळायचा. फटाके वाजवून झाले होते, त्यांना डुकरं सरावली होती. पण एकदा गोळी मातीत न जाता डुकरिणीच्या कानाला चाटून गेली आणि तवनाप्पाची झोपच उडाली. जीव घ्यायचा नाही, असं मुनी महाराजांसमोर व्रत घेतलेलं. बायको प्रभावती एवढंच म्हणाली, "एक जरी मेलं, तर ह्या घरात पाणी बी पिणार न्हाय मी."

तांबडे डोळे घेऊन तो कोल्हापुरात बाळासोच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात गेला.

"बोला पावणं. नेम चुकतोय?"

"न्हाय. लागतोय."

बाळासोनं चष्मा काढला. "मग?"

"चुकवायचाय. पर चुकंना झालाय."

बाळासोनं रायफल हातात घेतली. मग त्यानं नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवली. पट्टी मध्येच अडकली. "लाकूड पावसानं फुगलंय. नळीला एका अंगानं रेटतंय, म्हणून गोळी भरकटतीया." त्यानं पट्टी आरपार फिरेपर्यंत लाकूड घासलं, ढिले स्क्रू आवळले, नळीतला मळ काढला. "काडतुसं एकाच जातीची वापरा. श्वास सोडून चाप हळू दाबा, हिसका द्यायचा न्हाय. आता माशीला बी लागंल बघा."

"माशीला कशाला?" तवनाप्पा घाबरून म्हणाला.

घरी येऊन त्यानं बांधाला कागद लावला. सगळ्या गोळ्या लिंबाएवढ्या जागेत गेल्या. कितीतरी दिवसांनी त्याला जांभई आली.

संध्याकाळी डुकरीण आली. गोळी तिच्या नाकापुढं वीतभर. ती पळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर. ती नुसती मागं सरली. आठवडाभरात तिनं मान वर करायचंही सोडलं. उलट गोळीनं माती उकरली की शेंगा वर यायच्या, त्या ती खायची. गोळीला उशीर झाला तर बांधाकडं बघायची.

शेजारच्या रानातला केरबा येऊन बसला होता. "तवनाप्पा, राखण करतोयस का जेवायला वाढतोयस रं? जरा वाकडी कर की ती रायफल."

"अन् लागली म्हंजे?"

तवनाप्पानं रायफल रिकामी करून खांद्याला अडकवली. "खाऊ दे तिला. मी जातो घरी."

घराची वाट भुईमुगातूनच. आठवडाभर राखणीला जागून डोळे मिटत होते, पाय एकमेकांत अडकत होते. एक झोकांडी डावीकडं, एक उजवीकडं. डुकरिणीनं मान वर केली. हा माणूस नेमका कुठं येऊन लागेल, तिला अंदाज येईना. ती जी उधळली, ती कळपासकट ओढ्यापार.

"आरं पळाली की!" केरबा बांधावरनं ओरडला. "रोज असाच चाल!"

तवनाप्पा थांबला. असं चालायचं तर रोज झोप मोडणं आलं. झोप झाली की पाय सरळ पडणार, आणि सरळ माणसाला ती काय घाबरणार?

"व्हय," तो म्हणाला, आणि तिथंच शेंगांत आडवा झाला.