वालिकोनं घडवलेला पट

मी भिंतीवर टांगायचा एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. चौसष्ट घरं माझ्यात, पण वस्तीला हल्ली फक्त कोळी. कुतैसी शहरातल्या नाटकघरामागच्या अडगळीत मी उभा असतो, तोंड भिंतीकडे करून.

मित्रांनो, मला घडवलं नाटकघरातल्या सुतारानं, वालिकोनं. अक्रोडाचं लाकूड तासलं, घराघरात खिळा ठोकला, आणि मांडीवरच्या लेकीला, लामाराला, माझ्यावरच घोडा-उंट ओळखायला शिकवलं. मंचावर खेळाडू खेळत, आणि नाटकघरातला गडी शाक्रो लांब काठीनं माझ्या खिळ्यांवर सोंगट्या टांगून त्यांची चाल लोकांना दाखवी. "शाक्रो, घोडा उलटा टांगलास! कालची उतरली नाही वाटतं?" कुणीतरी ओरडे, सगळे हसत. फार सुखाचे दिवस होते ते.

मग स्त्रियांच्या जगज्जेतेपदाची लढत आमच्या गावी आली. लामारा आता मोठी झाली होती, तीच खेळत होती; शेवटचा डाव उरला, तेव्हा ती अर्ध्या गुणानं पुढे होती. बरोबरी झाली तरी मुकुट लामाराचाच होता. पण वालिकोचा एक हट्ट होता, मुकुट जिंकून घ्यायचा, बरोबरीत नाही.

त्या डावाच्या सकाळीच वालिको वारला. लामारा खेळाडूंच्या मुक्कामी होती. तिला कुणी कळवलं नाही.

तिची आई माक्वाला पडद्याआड आली, तेव्हा शाक्रो कळवळला. "वहिनी, घरी जा. त्याच्या उशाशी कुणी नको का?"

"शेजारणी बसल्यात. माझी खुर्ची रिकामी दिसली, की पोरीला सगळं कळेल."

"आणि डोक्याला हा लाल रुमाल?"

"मग काय, विधवेचा काळा बांधून बसू तिच्यासमोर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

ती पहिल्या रांगेत बसली. साऱ्या सभागृहाला ठाऊक होतं. शाक्रोनं उंट वाकडा टांगला, तरी त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.

डाव मध्यावर आला आणि समोरच्या बाईनं बरोबरी देऊ केली. लामारानं आईकडे पाहिलं. पोरीला शंका येऊ नये, म्हणून आई हसली. लामाराला वाटलं, बाबांचा हट्ट आईलाही मान्य आहे. तिनं मान हलवून नकार दिला.

दिवे लागले तेव्हा तिचा वजीर पडला, मग राजा. मुकुट गेला.

ती खाली उतरली. "आई, आता बाबांना काय तोंड दाखवू गं?"

आईनं लाल रुमाल सोडला. पिशवीतून काळा काढला आणि बांधला.

"कधी?" लामारानं विचारलं.

"सकाळी."

"आणि तू हसलीस?"

"हसले गं पोरी. दुसरं काय करणार होते?"

त्यानंतर लामारा माझ्यासमोर कधीच खेळली नाही. पुढे चाली दाखवायला विजेवरचे पडदे आले, शाक्रो थकला, माझे खिळे गंजले.

मित्रांनो, मला पुसा, पुन्हा टांगा, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं एक मागतो. तुमच्यासाठी कुणी खेळत असेल, तर तिचं दुःख तिच्यापासून लपवू नका. डाव पुन्हा मांडता येतो. बापाच्या उशाशी बसायचा दिवस एकदाच येतो.