कागदावरची नणंद

“पोर सासूच्या मांडीवर खुशाल दे, पण कागदावर तुझ्याच नावाखाली राहू दे गं. कागदाला रीतभात कळत नाही,” मंगोलियातल्या उल्गी गावच्या नोंदणी कचेरीतल्या शाम्शियाने हातातलं पेन थांबवून सांदुगाशला बजावलं होतं.

सांदुगाश तेव्हा बावीस वर्षांची, रसायनशास्त्राची ताजी पदवी घेतलेली, बाळंतपणाने फिकट पडलेली. तिने हसून मान उडवली. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, हे तिथल्या कझाखांना कुणी शिकवावं लागत नाही. लेकीला, अक्बोताला, पहिली आंघोळ सासूबाईंनी, म्हणजे आपांनी घातली, नाव त्यांनीच ठेवलं, पाळण्याशी निजल्याही त्याच. मग कागद तरी वेगळा कशाला? सासू-सासऱ्यांची दत्तक मुलगी अशी अक्बोताची नोंद झाली. ती आजीला आई समजून ‘आपा’ म्हणू लागली, बापाला ‘दादा’ आणि सांदुगाशला ‘वहिनी’. ऐकायला गोड वाटायचं. सहा वर्षं वाटलं.

मग सासरे वारले, अक्बोताच्या पाठीवर मुलगा झाला आणि सगळं कुटुंब कझाखस्तानात आलं. आपल्या भाषेचा, आपल्या माणसांचा देश. नवरा, एरबोलात, तालदीकोर्गानमध्ये फरश्या बसवायच्या कामाला लागला आणि नागरिकत्वाचा अर्ज गेला.

कचेरीच्या खिडकीपलीकडे मदीना नावाची बाई यादीवरून बोट फिरवत होती.

“तुमचे मिस्टर, तुम्ही, हा तान्हा. तिघांचं होऊन जाईल. ही कोण?”

“माझी मुलगी.”

मदीनाने कागद उलटापालटा करून पाहिला आणि तिला हसू आवरेना. “अहो ताई, ही तर तुमची नणंद!”

रांगेतली एक बाई मागून म्हणाली, “सहा वर्षांची नणंद? नशीब काढलंस बाई. माझी साठीची आहे, अजून माझ्या कणकेत मीठ किती ते बघायला येते.”

सगळे हसले. सांदुगाशही हसली, पण तान्ह्याच्या टोपड्याची नाडी ती सारखी सोडत-बांधत राहिली.

मदीनाने नीट समजावलं. अक्बोता कागदावर आपांची, म्हणून आपा जिथल्या, तिथली ती. आपांनी मंगोलियाचं नागरिकत्व सोडून इथलं घेतलं तर पोरीचंही होईल. ते नको असेल तर आपांनी न्यायालयात दत्तक सोडावं. दोन्ही नको असेल, तर राहण्याचा परवाना पानगळीत संपेल तेव्हा दोघींनी परत जायचं.

पहिला रस्ता आपांनी हातातला चहा संपायच्या आत बंद केला. “म्हातारा तिकडे टेकडीवर एकटा पडलाय. त्याला भेटायला मी पाहुणी म्हणून शिक्का मारून जाऊ होय?”

दुसऱ्या रस्त्याचं नाव घरात कुणी काढेना. दिलेलं पोर मागायचं नसतं.

“तू बोल,” एरबोलात म्हणाला.

“आई तुमची आहे.”

“पोरगी तुझी आहे.”

असे आठ दिवस गेले. त्यातच एका सकाळी आपांनी अक्बोताला तिच्याकडे पिटाळलं, “जा, वहिनीकडून वेणी घालून घे. माझा हात धरलाय.” दुसऱ्या दिवशी दूध तापवायलाही वहिनीच, तिसऱ्या दिवशी नखं कापायलाही. धरलेला तो हात दुपारी मात्र परातभर कणीक तिंबत होता. ते पाहिलं आणि सांदुगाशला उमगलं. ती तान्ह्याला एरबोलातकडे देऊन स्वयंपाकघरात आली.

“आपा...”

“कॉलेज शिकलीस ना गं? मग बोलायला आठ दिवस कशाला लागतात?”

“अक्बोता मला द्या.”

आपांनी कणकेवर फडकं घातलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर अक्बोता शेजारच्या मांजराला दटावत होती, हुबेहूब आपांच्या आवाजात.

“देते,” त्या म्हणाल्या. “पण एक ऐक. मारून-मुटकून तिला ‘आई’ म्हणायला लावायचं नाही. आपसूक म्हणेल तेव्हा म्हणेल. नाही म्हणाली तर गप बसायचं.”

“बरं.”

“आणि वेणी सैल घालतेस. दुपारपर्यंत सुटते.”

न्यायालयात न्यायाधीशीणबाईंनी विचारलं, “आजी, मुलीला स्वखुशीने सोडताय ना?”

“सोडतंय कोण?” आपा म्हणाल्या. “लोकांच्या पोरी सासरी जातात, माझी माहेरी चाललीय. असं लिहून घ्या.”

न्यायाधीशीणबाईंनी तसं लिहिलं की नाही, कोण जाणे. पण परवाना संपला तेव्हा आपा एकट्याच गाडीत बसल्या. अक्बोता गाडीमागे धावली नाही. आपांनीच तिला सांगून ठेवलं होतं, धावलीस तर गुडघे फुटतील आणि वहिनीला काम होईल. घरी येऊन मात्र ती आपांच्या गादीवर आडवी झाली आणि दोन दिवस कुणी उठवलं तरी उठली नाही.

वसंतात चौघांची कागदपत्रं आली. अक्बोताच्या जन्मदाखल्यावर आता आईच्या रकान्यात सांदुगाशचं नाव आहे. अक्बोता तिला अजून वहिनीच म्हणते, आणि वेणी सैल झाली की ओरडते. सांदुगाशला चालतं. ती सुखात आहे, खरंच. फक्त दर रविवारी फोनवर आपा म्हणतात, “सगळं ठीक आहे,” आणि ते इतक्या पटकन म्हणतात की तिचा जीव खाली-वर होतो. आपांच्या शेजारी त्यांचा पुतण्या राहतो, पण तो निम्मं वर्ष जनावरांमागे डोंगरात असतो.

म्हणून तिचं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाचं उल्गीला जाणं झालं, तर बाजारामागच्या निळ्या दाराच्या घरात जरा डोकावून या. दगडी कोळशाच्या शेगडीची नळी काजळीने तुंबली की धूर घरातच फिरतो, आणि त्यातलं जे जीव घेतं त्याला वास नसतो. नळी साफ केली का, असं आपांना विचारा. त्या हो म्हणतील. मग चहा आणायला वळल्या की तुम्ही स्वतः उठून बघा.