कोळंबी बाधली

साळूबाईने वाडगा तुळसाच्या ओट्यावर आपटला. तो धुतलेला नव्हता. कडेला वाळलेल्या रश्श्याची लाल रेघ होती आणि तळाशी कोळंबीचं एक शेपूट चिकटलं होतं.

"काय घातलंस गो माझ्या पोरीला?"

तुळसा जात्यावरून उठून बाहेर आली. हाताचं पीठ पुसायचंही तिला सुचलं नाही.

"आवडी पहाटेपासून ओकतेय. पोट थांबत नाय. काल तुझं कालवण खाल्लंन, त्यावर दुसरं काय तिच्या पोटात गेलं नाय."

"साळूबाय, कोळंबी चांगली होती गो. महिपत दासगावसून मीठ-हळद लावून घेऊन आलता..."

"वैशाखाच्या उन्हात?" एवढंच बोलून साळूबाई वळली आणि मधलं कुंपण ओलांडून धावत घरात गेली.

तुळसा तशीच उभी राहिली. महिपत तिचा भाऊ. महाबळेश्वरला हंगामाच्या कामाला निघालेला, वाटेत कापड्याला बहिणीकडे एक रात्र टेकला होता. येताना खाडीची कोळंबी आणली होती. तुळसाने ती पडवीतल्या वेगळ्या चुलीवर शिजवली, कारण सासूच्या, गोदूबाईच्या, गळ्यात माळ होती. स्वतः तुळसाचा सोमवार. नवरा सहदेव मुंबईला गिरणीत. म्हणजे जेवला तो एकटा महिपत, आणि एक वाडगा कुंपणापलीकडे गेला. आज झुंजुमुंजू असतानाच महिपत आंबेनळीची वाट चढायला लागला होता. तो आता कुठे असेल? घाटात एखाद्या दगडाआड पोट धरून पडला असेल काय?

तिने आठवून पाहिलं. सालं काढली तेव्हा वास आला होता काय? कोळंबीला वास असतोच. काळा दोरा तिने एकेकीचा काढला होता. आमसुलं टाकली होती, लसूण ठेचून टाकली होती. कदाचित त्या लसणीतच वास बुडून गेला असेल.

"तिकडं जाऊ नको," आतून गोदूबाई म्हणाली. "बोलतील तुला."

"बोलू देत, आत्याबाय."

साळूबाईच्या घरात आवडी चटईवर आडवी होती. काल कुंपणावरून 'काकी, वास सुटलाय' म्हणून हसलेली पोर. तिचे डोळे आज खोल गेले होते आणि बोटांच्या टोकांवर सुरकुत्या पडल्या होत्या. पोटऱ्यांत गोळे येत होते. आले की ती पाय आखडून घ्यायची, पण ओरडायला तिच्यापाशी आवाज नव्हता. कोपऱ्यात एक फुटकं मडकं होतं. तुळसाची नजर तिकडे गेली. आतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरट दिसलं. साळूबाईने चटकन पुढे होऊन त्यावर राखेची मूठ टाकली.

दोघींची नजर क्षणभर भेटली. साळूबाईनेच ती आधी वळवली.

अंगणात तोवर माणसं जमली होती. पोलीस पाटील कुशाबा मध्ये उभा होता. त्याच्या मुलाची उद्या हळद. दारात मांडव पडला होता, मुंबईची माणसं येऊन उतरली होती. तुळसा बाहेर आली तशी तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला.

"मासळीच ना गो?" कुशाबाने विचारलं.

"मासळीच," तुळसाच्या आधी आतून साळूबाईचा आवाज आला. "हिची कोळंबी बाधली."

अंगणातली माणसं मोकळी झाली. बाया पुढे आल्या. एकीने ओव्याचा काढा करायला घेतला, दुसरीने पाण्याची कळशी आणून ठेवली. कुशाबाने खांद्यावरच्या पंच्याने मान पुसली. "मासळीवर निभावलं म्हणायचं. पोलादपूरच्या बाजारात लोक भलतंच काय काय बोलत होते." मग तुळसाकडे वळून तो जरा मऊपणाने म्हणाला, "पुन्हा असली शिळी मासळी दुसऱ्याच्या घरी देऊ नको, पोरी."

तुळसाच्या कानशिलांत रक्त चढलं. ती घरी आली.

पडवीत शिंक्याला मडकं टांगलेलं होतं. महिपत दुपारी निघेल म्हणून तिने थोडं कालवण राखून ठेवलं होतं, आणि तो न सांगता लवकरच निघाला होता.

"उकिरड्यात पुरून टाक ते," गोदूबाई म्हणाली.

तुळसाने मडकं खाली काढलं. झाकण उघडून नाकाशी धरलं. मग चुलीपाशी बसून तिने ताटलीत भात घेतला आणि त्यावर ते कालवण ओतलं. तापवलं नाही. तापवलं असतं तर कोण काय म्हणालं असतं, हे तिला ऐकू येत होतं. पहिला घास तिने हळू चावला. दुसऱ्या घासानंतर ती भरभर जेवत गेली. ताटली रिकामी झाल्यावर तिने मडकंही पुसून खाल्लं.

गोदूबाई दारात उभी राहून बघत होती. माळेवरचा तिचा हात थांबला होता.

"खुळी का काय गो तू?"

"माझी मासळी चांगली होती, आत्याबाय. आता कळंल सगळ्यांना."

मग ती कामाला लागली. दळण उरकलं. ओटा सारवला. गवताच्या पेंढ्या उगीचच इकडच्या तिकडे रचल्या. पोटात जरा गुरगुरलं की हातातलं काम थांबायचं. कुंपणापलीकडे कुणी ओकल्याचा आवाज आला की ती पोटावर हात ठेवून वाट बघायची. काहीच होत नव्हतं. उलट ऊन कलू लागलं तशी तिला सडकून भूक लागली.

हातातली पेंढी तिने खाली ठेवली. सकाळी तिला वाटलं होतं, आपल्याला काही होऊ नये. आता ती मनात म्हणत होती, एकदा तरी ओकारी येऊ दे. एकदा तरी पोट दुखू दे, देवा.

"काय होतंय का?" गोदूबाईने विचारलं.

"काय होत नाय."

"बघ नीट."

"काय नाय होत, आत्याबाय."

गोदूबाई उठून माजघरात गेली, प्यायच्या पाण्याचा हंडा दोन्ही हातांनी ओढत परसात आणला आणि उपडा केला. पाणी आळ्यात वाहून गेलं. दोघींपैकी कुणीच त्या रोगाचं नाव घेतलं नाही.

तुळसा कुंपण ओलांडून गेली. साळूबाई आवडीच्या पायांना सुंठ चोळत होती. बाया आपापल्या घरी गेल्या होत्या.

"साळूबाय, मी ती कोळंबी खाल्ली. राहिलेली सगळी. मला काय झालं नाय."

साळूबाईचे हात चालूच राहिले.

"तुला ठावं हाय," तुळसा म्हणाली. "सकाळीच ठावं होतं."

"मासळीच हाय." साळूबाईचा आवाज एकदम खाली आला. तिने तुळसाचं मनगट धरलं. "मासळी म्हण गो. मासळी म्हटलं म्हणून बाया पाणी घेऊन आल्या. दुसरं नाव घेतलंस तर माझ्या दारात कुत्रं फिरकायचं नाय. मी एकटी काय करू? हिचा बाप मुंबईला. तुझ्या पाया पडते."

आवडीने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

ती बाहेर आली तेव्हा वाडीतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन विहिरीकडून मांडवाकडे चालल्या होत्या. हळदीचं पाणी. त्यांच्या मागे पोरीबाळी, नव्या परकरांतल्या. एक लहानगी वाटेत थांबून ओंजळीने सांडतं पाणी पीत होती. तुळसाने धावत जाऊन तिचा हात खाली ओढला. पोर रडायला लागली, आणि तिची आई वळून बघू लागली.

मग तुळसा थेट मांडवात गेली.

"पाटील, कोळंबी बाधली नाय. मी खाल्लीय ती, शिळी, थंड. तुमच्यासमोर उभी हाय."

ढोलकीवरचा हात थांबला. कुशाबा पाटावरून हळूच उठला.

"काय बोलतेस, कळतंय का तुला?"

"कळतंय. विहिरीचं पाणी कुणी पिऊ नका."

कुशाबाने वर मांडवाकडे पाहिलं, आंब्याच्या डहाळ्यांकडे, मग आपल्या मुलाकडे. त्याचा चेहरा सैल पडला. वाडीतल्या सदूला हाक मारून त्याने पोलादपूरला पिटाळलं, पटकीची वर्दी महाडला पोचव म्हणून. बायांनी एकेक करून हंडे जमिनीवर ओतले.

साळूबाई म्हणाली होती तसंच झालं. दिवेलागणीला तिच्या दारात कुणी नव्हतं. तुळसा उकळून गाळलेलं पाणी मीठ-गूळ घालून घेऊन गेली. साळूबाईने भांडं घेतलं, तिच्याकडे पाहिलं नाही. तुळसा आवडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि चमचा चमचा पाणी पाजत राहिली.

महाडहून माणूस आला, त्याने विहिरीत लाल औषध टाकलं. लग्न पुढे ढकललं गेलं. वाडीतला म्हातारा मालोजी तेवढा दगावला. बाकीची लागण झालेली माणसं वाचली. महिपत घाटावर खुशाल असल्याचा निरोप आला. आवडी उठून बसली, भिंत धरून चालू लागली. साळूबाई मात्र पावसाळा गेला तरी तुळसाशी बोलली नाही. समोरून आली की पदर सावरून बाजूने जायची.

भात कापून झाल्यावर पलीकडच्या गावची माणसं आवडीला बघायला आली. पोहे झाले, पोर उठली बसली. पाव्हण्यांतली एक म्हातारी तंबाखूचं निमित्त करून कुंपणाकडे आली आणि तुळसाला हळूच विचारू लागली.

"शेजारी तुम्ही. खरं सांगा. वैशाखात ह्या पोरीला पटकी झालती म्हणतात. देवीचा कोप हाय म्हणतात घरावर."

पलीकडे साळूबाई दाराची चौकट धरून उभी होती. हातातलं तबक तसंच राहिलं होतं.

तुळसा सूप पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"पटकी कसली, आजी? माझी कोळंबी बाधली तिला. शिळी होती. विचारा कुणालाबी, पाटलांनी भर अंगणात मला बोल लावलेत."

म्हातारीने मान डोलावली आणि तंबाखूची चिमूट दाढेत धरली. "मासळीचं असंच असतं," ती म्हणाली.