दुसऱ्या गाठीच्या वर

ऑर्किडचं शेवटचं फूल गळालं तेव्हा ती बाळाची ढेकर काढायला त्याला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होती, आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की झालं, हेही आपल्याच हातून गेलं. बाळ झाल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणी बघायला आल्या तेव्हा ती कुंडी घेऊन आल्या होत्या. तीन महिने ती पांढरी फुलं कसलीही तक्रार न करता एका दांड्यावर उभी होती, आणि तेच तीन महिने बाळानं तक्रारीखेरीज दुसरं फारसं काही केलं नव्हतं.

तिनं रोपवाटिकेत फोन लावला.

"झाड मेलं नाही हो मॅडम, दमलंय," तिथला माणूस म्हणाला. "दांड्यावर खालून दोन गाठी मोजा आणि दुसरीच्या बोटभर वर कापा. कात्री स्पिरिटनं पुसून घ्या. कापल्या जागी चिमूटभर दालचिनीची पूड. संपलं."

"आणि चुकीच्या जागी कापलं गेलं तर?"

"तर चुकीच्या जागी कापलं जाईल. मागे बाळ रडतंय तुमचं, आणि तुम्ही दांड्याला घाबरताय?"

त्या बिचाऱ्याला काय माहीत, की बाळाची नखं कापायचाही तिला धीर झाला नव्हता. गोल टोकांची छोटी कात्री खोक्यात तशीच होती आणि बाळाच्या हातांत मोजे घालून ती वेळ मारून नेत होती. बाकीचं सगळं मोठी नणंद बघायची. ती बाळंतपणापासून मदतीला राहिली होती आणि येत्या रविवारी आपल्या घरी परतणार होती. निदान तसं ठरलं होतं. पण मध्यंतरी बाळाला औषधाचे थेंब पाजून झालेत हे साफ विसरून ती पुन्हा पाजायला निघाली, नणंदेनं वेळीच हात धरला, आणि त्या संध्याकाळी नवरा फार हळू आवाजात म्हणाला, "ताईला अजून दोन महिने थांबायला सांगू का?" तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. नणंद गेली तर बाळ आपलं, आणि राहिली तर आपण आपल्याच घरात शिकाऊ उमेदवारी करणार, एवढं तिला कळत होतं. म्हणून तिनं एक वही सुरू केली. डाव्या पानावर बाळ, उजव्या पानावर ऑर्किड. कधी पाजलं, कधी झोपलं, कधी पाणी घातलं. रविवारपर्यंत एकही चूक होऊ द्यायची नाही.

मंगळवारी दुपारी तिनं ती छोटी कात्री काढली, स्पिरिटनं पुसली, गाठी तीनदा मोजल्या, आणि कात्री परत ठेवून दिली. उद्या बघू.

बुधवारी सकाळी दांडा कापलेला होता. दुसऱ्या गाठीच्या बोटभर वर, किंचित तिरका, स्वच्छ. टोकावर तपकिरी पूड.

"ताई, हे तुम्ही कापलंत?"

"मी कशाला हात लावू तुझ्या लाडक्याला?" नणंद भाजी निवडता निवडता म्हणाली. "काल तूच नाही का कापलंस? बाळाला खांद्यावर टाकून, एका हातानं. मी मनात म्हटलं, बघा, आमची भित्री भागूबाई कामाला लागली."

ती वहीकडे गेली. उजव्या पानावर तिच्याच अक्षरात, तिच्याच निळ्या पेनानं लिहिलं होतं, ‘दांडा कापला. पूड लावली.’ तिचं अक्षर अलीकडे ओळी सोडून पळायचं. हे सरळ होतं.

झोप कमी पडली की माणूस काहीही विसरतं, असं तिनं स्वतःला समजावलं. गुरुवारी बाळाच्या हातांतले मोजे काढलेले दिसले आणि दहाही नखं कापलेली होती, अगदी कडेकडेनं, एकही ओरखडा न उठवता. डाव्या पानावर नोंद होती. नवऱ्यानं बाळाची बोटं उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "जमलं की गं तुला." किती दिवसांनी तो नेहमीच्या आवाजात बोलला होता. मी नाही कापली, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते बोलून दाखवलं तर पुढं काय होईल याचा हिशेब तिला पाठ होता. नणंद राहील, डॉक्टर येतील, हळू आवाज परत येईल. आणि नाही बोललं, तर नणंद जाईल आणि बाळ राहील तिच्यापाशी. तिच्यापाशी म्हणजे नेमकं कोणापाशी, तिथं येऊन विचार अडायचा. गंमत म्हणजे भीतीच्या जोडीला तिला थोडा मत्सरही वाटत होता. जी कोण होती तिचा हात थरथरत नव्हता.

शनिवारी तिनं परीक्षा घ्यायची ठरवली. ऑर्किडच्या मुळाशी पाणी साचलं की मुळं कुजतात, हे रोपवाटिकेतल्या माणसानं बजावलं होतं. तिनं मुद्दाम कुंडीखालची बशी काठोकाठ भरली आणि समोर खुर्ची टाकून बसली. बाळ नणंदेकडे होतं. तासभर तिनं बशीवरची नजर हलवली नाही. पाणी हललं नाही, कोणी आलं नाही, आणि तिला हळूहळू स्वतःचं हसू यायला लागलं.

न्हाणीघराचं दार उघडलं. नणंद ओल्या केसांना पंचा गुंडाळत बाहेर आली.

"झोपलं का गं? आतून तुझं गाणं ऐकू येत होतं. छान गातेस की, एवढे दिवस लपवून ठेवलंस."

"बाळ तुमच्याकडे होतं ना, ताई?"

"अगं, मघाशी माझ्या हातातून घेतलंस की. म्हणालीस, तुम्ही न्हाऊन घ्या."

ती आतल्या खोलीत धावली. बाळ कुशीवर झोपलं होतं, पाठीशी उशीचा आधार, दुपटं छातीपर्यंत. श्वास संथ. ती कितीतरी वेळ दारातच उभी राहिली. आत जायला तिला संकोच वाटत होता, परक्याच्या खोलीत जाताना वाटतो तसा.

बाहेर येऊन पाहिलं, तर बशी कोरडी होती.

रविवारी सकाळी नवरा गाडी काढायला खाली गेला. आतल्या खोलीत बाळ नुकतंच उठून रडू लागलं होतं. नणंदेनं चपला घातल्या, बॅगेचा पट्टा नीट केला आणि उंबऱ्यापाशी थांबून तिच्याकडे पाहिलं.

"खरं सांग हं, भीड धरू नकोस. राहू का अजून? मला काही जड नाही."

राहा, ताई. तेवढंच म्हणायचं होतं. जमत नाही म्हणतील तर म्हणू देत, दोन महिने सोडा, वर्षभर राहा. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं.

"जा तुम्ही निर्धास्त," तिच्या पाठीमागून, आतल्या खोलीच्या दारातून, तिचाच आवाज आला. "मी आहे ना."

बाळ रडायचं थांबलं होतं. नणंदेनं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, समाधानानं मान डोलावली आणि बॅग उचलली.