एका शब्दाची दुरुस्ती

हॉस्पिटलात खाटेशेजारी हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर असतो, तो आमची कंपनी बनवते. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे छातीवरच्या वायरींतून आलेले आकडे स्क्रीनपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, अण्णांनी लिहिलेला. मला हे काम बोट धरून शिकवलं तेही त्यांनीच.

ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी एका वॉर्डात एक बाई दगावल्या. त्यांची वायर बदलली होती, पण नवी नीट बसलीच नव्हती. तरी स्क्रीनवर रेघ छान धावत होती. नर्सनं ती पाहिली आणि निर्धास्तपणे पुढच्या खाटेकडे वळली. रेघ त्या बाईंची नव्हती. आधीच्या पेशंटची होती.

नऊ दिवस मी डोकेफोड केली. दहाव्या दिवशी, जेवणाचा डबा समोर तसाच उघडा असताना, चूक सापडली. वायर बदलली की ड्रायव्हर आकडे ठेवायला नवी मेमरी मागून घ्यायचा, पण वापरण्याआधी ती शून्यांनी भरायचा नाही. नवे आकडे येईपर्यंत तिथे आधीच्या पेशंटचे जुनेच पडून राहायचे. एक शब्द बदलला, झालं.

चूक मुळात कुणाच्या कामातून आली, तेही दुरुस्तीसोबत लिहावं लागतं. ते लिहिण्याआधी मी अण्णांच्या घरी गेले.

मी नेलेला दुरुस्तीचा कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचला. "बाई किती वर्षांच्या होत्या?"

"एक्केचाळीस."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे."

त्यांनी चष्मा काढला. "लिही माझं नाव."

"अण्णा, चाचणीच्या वेळी मशीन नुकतंच सुरू केलेलं असायचं. मेमरी कोरीच मिळायची. कुणाच्या लक्षात येणार? आणि तुमचं काम तपासून सही मीच केली होती."

"मग तुझंही लिही, पोरी."

कंपनीनं घरच्यांना पत्र पाठवलं होतं. तरी अण्णा म्हणाले, आपण जाऊ. बाईंच्या नवऱ्यानं दार उघडलं. अण्णांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"किती वेळ चालली होती ती खोटी रेघ?" त्यानं विचारलं.

"अकरा मिनिटं," मी म्हणाले.

तो भिंतीला टेकला. "मी खाली चहा प्यायला गेलो होतो. जाताना रेघ बघूनच गेलो. ठीक आहे म्हटलं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, मी तिथे थांबलो असतो तर..."

"तुमचं काही चुकलं नाही," अण्णा म्हणाले. "आमचं चुकलं."

तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. आत या म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. आतून मुलीनं "बाबा, कोण आलंय?" असं विचारलं, तेव्हा त्यानं हळूच दार लावून घेतलं.

जिना उतरताना अण्णा माझ्या खांद्याला धरून उतरले. एरवी त्यांना कुणाचा आधार लागत नसे.