आप्पांच्या मागची झील

लॉकडाऊन लागल्यापासून मयूरीने गॅलरीचं दार उघडलंच नव्हतं. दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुऊन घरात यायची. त्यात दोन वर्षांच्या शर्वीची वेगळीच काळजी. पोरगी स्वतःचं काही बोलेना. दुसऱ्याच्या बोलण्याचं शेपूट तेवढं धरायची.

"जेवायचं का?"

"का?"

सांगलीतल्या त्या अरुंद गल्लीत समोरच्याच गच्चीवरच्या खोलीत आप्पासो एकटे होते. मुलगा धनाजी कुपवाडच्या कारखान्यात जायचा. आपल्यामुळे बापाला काही व्हायला नको, म्हणून त्याने त्यांना वर ठेवलेलं. डबा पायरीवर ठेवून तो लांबूनच हाक मारायचा. हल्ली डबा भरलेलाच परत जाताना मयूरीला काचेतून दिसायचा.

"आप्पा, दोन घास तरी खावा की!"

"भूक न्हाई रं."

दिवसेंदिवस म्हातारा वाळत चालला. न राहवून मयूरीने धनाजीला फोन केला.

"वहिनी, वडूजकडं मेंढरं राखायचो, तवा आप्पा लय ओव्या म्हणायचं. आता म्हणा म्हटलं, तर म्हणत्यात, झील कोण धरणार? म्होरक्यानं ओळ टाकली की मागच्यांनी तिचा शेवट उचलायचा. त्याबिगर म्होरली ओळ निघतच न्हाई."

त्या संध्याकाळी मयूरीने मास्क लावला, शर्वीला कडेवर घट्ट धरलं आणि गॅलरीचं दार उघडलं.

"आप्पा, म्हणा की एक ओवी!"

"मागं कोण हाय गं पोरी?"

"मी आहे ना!"

आप्पासोंनी कानावर हात ठेवला.

"माळावरली मेंढरं पाण्याला निघाली गं..."

आवाज चिरका, थकलेला. ओळ टाकून ते थांबले. मयूरीने तोंड उघडलं खरं, पण सूर कुठला, उचलायचं कसं? आप्पासोंचा हात कानावरून हळूहळू खाली येऊ लागला.

"निगाली गं!" कडेवरून शर्वी म्हणाली.

हात पुन्हा वर गेला. पुढची ओळ आली ती जणू निराळ्याच गळ्यातून; मोकळ्या माळावर फेकावी तशी. शर्वीने तिचाही शेवट उचलला. खिडक्या उघडल्या. कोपऱ्यावरच्या हरणाबाई बऱ्याच दिवसांनी गॅलरीत आल्या, शेजारच्या विष्णुपंतांनी कठड्यावर ठेका धरला. मयूरीच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढासा वाळका देह, आणि गल्ली भरून वर आभाळाला लागलेला तो आवाज! मास्कच्या आत तिचे ओठ आपोआप हलू लागले.

ओवी संपली तेव्हा आप्पासोंना धाप लागली होती. त्यांनी पायरीवरचा डबा ओढला, भाकरी मोडली. घास तोंडाशी नेता नेता थांबून त्यांनी हाक दिली,

"आमची झीलकरीण जेवली का?"

"का?" शर्वी म्हणाली.