मामाचा पाय

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली आर्वीत कराटे शिकणारी मुलगी एकच होती, प्रेरणा. नववीतली, अंगाने काडी, पण ठोसा असा की शेजारी उभा राहणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आपसूक मागच्या रांगेत जायचा. क्लास घ्यायचा तिचा सख्खा मामा, वैभव. वर्ध्याला आयटीआय करता करता त्याने ब्राउन बेल्ट मिळवला होता, आणि आता शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी तो बारा मुलांना आणि एका भाचीला शिकवत होता. मुलांच्या जोड्या मुलांशी लागत. प्रेरणाची जोडी कायम मामाशीच.

एवढं असूनही हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेत ती सपशेल आपटली. वर्ध्याच्या मंगल कार्यालयात रुचिका नावाच्या मुलीने तिला चार लाथा मारल्या आणि चारही बरगडीवर बसल्या. प्रेरणाचे हात आपले ठोशाची वाट पाहत छातीशी उभे.

घरी तिच्या वडिलांनी, भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या मनोहररावांनी, पेपरातून मान वर न करता सांगून टाकलं, "दोन महिन्यांनी आणखी एक खेप परीक्षा आहे ना? तेवढी दे. नाई जमलं तं कराटे बंद, संध्याकाळची ट्यूशन लावू."

मनोहरराव कधी चिडत नसत, ठरवत. चिडलेल्या माणसाला मनवता येतं, ठरवलेल्याला कोण मनवणार?

आई बरगडी शेकत होती तेव्हा प्रेरणाच्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभरात मामाने तिला ठोसे हजार मारले होते, लाथ एकही नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर पोचताच तिने विचारलं.

"मामा, तू मले लाथ काऊन नाई मारत?"

वैभवचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "भाचीले पाय लावू? पाप लागते ना बाई. तुही आई मले घरात घेईन काय?"

भाची म्हणजे मामाने जिच्या पाया पडायचं ती. चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करायचा, हे त्यांच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. सणासुदीलाच नव्हे, साध्या येण्याजाण्यातही वैभव तिच्या पायांना हात लावायचा. तिला आत्ता त्याचा रागही आला आणि मायाही आली. याच्या भक्तीपायी माझ्या बरगड्या उघड्या पडल्या, आणि या भल्या माणसाला पत्ताच नाही.

"मारजो," ती म्हणाली. "लागला पाय, तं पाया पडजो. लागू न देनं माह्यं काम."

"पोरांसमोर? मी सर आहो त्यायचा."

"मी तं साऱ्या वर्ध्यासमोर मार खाल्ला."

वैभव उभा राहिला, पाय उचलला, आणि वीतभर अलीकडे थांबवला. तीनदा थांबवला. चौथ्यांदा प्रेरणाच पुढे सरकली आणि पाय कमरेवर बसला. सर खाली वाकले, दोन्ही हातांनी शिष्येच्या पायांना शिवले आणि ताठ उभे राहिले. एक मुलगा फिसकन हसला. त्याला पन्नास बैठका मिळाल्या, पुन्हा कोणी हसलं नाही.

पहिल्या दिवशी सर सतरा वेळा वाकले. हाताने लाथ अडवायची तर पाय हाताला लागणार, म्हणजे तोही नमस्कार धरावा लागणार. म्हणून प्रेरणाला अडवणं सोडून बाजूला सरायला शिकावं लागलं. ती मामाच्या पायाकडे न पाहता कमरेकडे पाहू लागली, कारण लाथ निघण्याआधी कंबर बोलते. दुसऱ्या आठवड्यात नमस्कार नवावर आले. मुलं मोठ्याने मोजायची. तिच्या आईला, जयाला, हे कळलं तेव्हा रागवावं की हसावं ते तिला सुचेना. तिने भावाच्या कमरेसाठी तेलाची बाटली पाठवून दिली. शेवटच्या आठवड्यात तीन दिवस सर एकदाही वाकले नाहीत.

परीक्षेला तेच मंगल कार्यालय, आणि परीक्षकांनी समोर मुद्दाम उभी केली तीच रुचिका. मागच्या ओळीत दुकान बंद करून आलेले मनोहरराव बसले होते. रुचिकाची पहिली लाथ हवेत गेली. दुसरी गेली. तिसरीला ती इतकी वाकडी झाली की प्रेरणाचा ठोसा अलगद तिच्या छातीशी जाऊन थांबला. पाच मिनिटांत एकही लाथ प्रेरणाच्या अंगाला शिवली नाही.

"हाताने अडवत का नाहीस?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, आमच्यात पाय लागूच देत नाहीत," प्रेरणा म्हणाली.

परीक्षकांना ते कळलं नाही, पण हिरवा पट्टा त्यांनी बांधला. मागे मनोहररावांनी टोपी सारखी केली. तेवढ्यात वैभव भरल्या हॉलमधून सरळ पुढे आला आणि सगळ्यांदेखत तिच्या पायांशी वाकला.

"आता काऊन, मामा?" ती पुटपुटली. "आज तं कोनाचाच पाय लागला नाई."

"म्हनूनच," मामा म्हणाला.